जागा धरलेला रुमाल

दुपारच्या जेवणानंतर सुनेत्राचे डोळे मिटायला लागतात, पडद्यावरची अक्षरं पुसट होतात. रक्तपेढीचा कॉम्प्युटर बंद पडलाय, म्हणून ती त्यांची वेबसाइट नवऱ्याच्या, हेरंबच्या जुन्या मशीनवर हलवतेय. कुठल्या गटाचं रक्त कुठे मिळेल, हे सकाळपासून कुणालाच दिसत नाहीये. आणि त्या मशीनवर नवा सर्व्हर काही सुरू होईना. त्याचं एकच पालुपद: पोर्ट ८० वर, म्हणजे वेबसाइटच्या ठरलेल्या जागेवर, आधीच कुणीतरी आहे. शोधलं, तर कोण? हेरंबनेच कधीतरी चाचणीसाठी लावलेला प्रोग्राम, अजून त्याच्याच नावाने चालू. माणूस जाऊन वर्ष झालं, पण हा पठ्ठ्या जागचा हलायला तयार नाही! त्याचं एकच पान उघडतं: 'चालू आहे, काळजी नसावी.' तो बंद करायची कमांड सुनेत्रा लिहिते, खोडते, पुन्हा अर्धीच लिहून थांबते. मनच धजत नाही, त्याला ती तरी काय करणार?

पंख्याची घरघर एसटीची होते. ती मिरजेच्या गाडीत खिडकीशी बसलीये, मांडीवर कीबोर्ड. शेजारच्या सीटवर निळ्या काठाचा रुमाल टाकलाय. तोच, जो तिने तिरडीवर हेरंबच्या मुठीत ठेवून पाठवला होता. खिडकीबाहेर हेरंब उभा आहे. ऊन थेट तोंडावर आहे, पण तो डोळे बारीक करत नाही.

वर या ना, तुम्हीच धरलीये ही जागा, असं ती म्हणते. तो नुसता हसतो. गाडीत स्पिरिटचा वास भरलाय. दांडीला धरून एक बाई उभी आहे, तिच्या कडेवर निजलेलं पोर. पोराचे ओठ पांढरेफटक. कंडक्टर रुमालाकडे बघतो आणि पुढे जातो.

"अगं, रुमाल उचल," हेरंब म्हणतो. "बसू दे तिला."

"मग तुम्ही कुठे बसणार?"

"मी चढलोच नाहीये, सुनेत्रा."

तिला रडू येतं आणि रागही येतो. रुमाल टाकून खुशाल खालीच राहिला हा माणूस! ती हात पुढे करते. कापड कोमट लागतं. बाई टेकते, गाडी हलते. खिडकीबाहेर आता त्यांचंच स्वयंपाकघर आहे, ओट्याशी हेरंब उभा आहे, आणि ओट्यासकट तो मागे मागे जातो.

सुनेत्रा दचकून जागी होते. पंखा, टेबल, पडद्यावर तीच अर्धवट कमांड. उजव्या मुठीतून निळा काठ बाहेर आलाय. मूठ उघडायचा तिला धीर होत नाही. उरलेली कमांड ती डाव्या हाताने लिहिते आणि एंटर दाबते.