हात कुणी लावला?

"ह्याला हात कुणी लावला?"

अक्का दारात उभ्या होत्या. हातात पूजेचं ताट. मी टेबलापाशी. माझं बोट अजून बटणावरच होतं.

खंडेनवमीचा दिवस. कबनूरमध्ये त्या दिवशी यंत्रमाग बंद असतात. एरवी दिवसरात्र खडखडणारं गाव एकदम गप्प होतं आणि कानाला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. माग पुसायचे, झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा. माझी आई एका मालकांच्या कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसतात त्या सुताच्या नळ्या. पूजेला कामगारांना पोराबाळांसकट बोलावणं असायचं. कारखान्यामागं मालकांचा नवा बंगला. आमची जागा अंगणात, हौदाच्या कडेला. तीही सगळ्या कामगारांची नव्हे, आमच्या वस्तीतल्या चार घरांची. बाकीचे ओट्यावर बसायचे. अक्का म्हणजे मालकीणबाई, त्या पेढा वरून हातावर टाकायच्या. हात लांब धरायचा, ताटाला लागू द्यायचा नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून अंगात भिनलं होतं.

त्या वर्षी मालकांनी पोरासाठी कॉम्प्युटर आणला होता. अख्ख्या गल्लीत पहिला. त्यालाही हळदकुंकू लागलेलं, खोक्यावर माळ. पोरगा माझ्याच वयाचा. खिडकीतून त्यानं मला हाक मारली.

"ये की. दाखवतो."

मी चपला काढून गेले. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक बारीक रेघ. तो म्हणाला, दाब की एक बटण. मी दाबलं. पडद्यावर अक्षर उमटलं. बोट इथं आणि अक्षर तिथं. मध्ये काय झालं? कुठून गेलं ते? अंगावर काटा आला माझ्या. तेवढ्यात अक्का आल्या.

पोरानं नुसतं माझ्याकडं बोट केलं.

"पूजेचं बाटवलंस की गं," अक्का म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. दूध नासल्यावर म्हणतात तशा म्हणाल्या. आत गेल्या, तांब्या घेऊन आल्या. आधी तुळशीच्या पानानं पाणी शिंपडलं. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. मग ओंजळ भरून मारलं. बटणांवर, पडद्यावर, खोक्यावर. माझ्यावर एक थेंब नाही उडवला. मी शुद्ध होण्यातली नव्हतेच.

कॉम्प्युटर पीं पीं करायला लागला. थांबेचना. पोरानं भोकाड पसरलं. मालक धावत आले. बटणं दाबून बघितली, एक चालेना. मग ती बातमी बंगल्यातून अंगणात, अंगणातून कारखान्यात गेली. कांडीवालीच्या पोरीनं हात लावला आणि मशीन बिघडवली. पाण्याचं नाव कुणी काढलं नाही. टेबलावरून खाली ठिबकत होतं, तरी काढलं नाही.

आई आली. तिनं मला काय झालं ते विचारलं नाही. माझ्या मानेवर हात ठेवला आणि मला उंबऱ्यापाशी वाकवलं.

"नाक घास. चुकलं म्हण."

उंबऱ्यावर रांगोळी होती. माझ्या नाकाला खरखरीत लागली. मी म्हणाले, चुकलं. अंगणात सगळे बघत होते. कुणीतरी हसलं. परतताना आईनं पदरानं माझं नाक पुसलं.

त्या दिवसाचं सगळ्यात वाईट काय, सांगू? नाक घासलं ते नव्हे. मला ते खरं वाटलं. माझा हात लागला की वस्तू बिघडते, असं मी मानून चालले. शाळेत बाई नकाशा धरायला बोलवायच्या, मी मागं सरायची. शेजारच्यांचा रेडिओ खरखरला तरी मी लांब जाऊन बसायची. हात पाठीमागं बांधून उभं राहायची सवय लागली. लोक म्हणायचे, पोरगी काय शिस्तीची आहे.

आठवीत विज्ञानाच्या सरांनी एक प्रयोग दाखवला. बॅटरीचे चार सेल, एक छोटा बल्ब, दोन वायरी आणि पाण्याचा पेला. वायरींची टोकं पाण्यात बुडवली. बल्ब लागला नाही. सरांनी पाण्यात मीठ टाकून ढवळलं. बल्ब लागला. सर म्हणाले, पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, म्हणून विजेच्या वस्तूंवर पाणी सांडू नये, नको तिथं वीज जाते आणि वस्तू बिघडते. आमच्या गावचं पाणी तर खारटसर, मचूळच. वर्गात सगळे बल्ब बघत होते. मला दिसत होता तांब्या.

मी घरापर्यंत पळत गेले. आई चुलीपुढं होती. धापा टाकत मी तिला सांगितलं, आई, मी नाही बिघडवला. पाण्यानं बिघडला. अक्कांनीच बिघडवला.

आईनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "मोटारीच्या पेटीवर पाणी पडलं की माग बंद पडतोय, हे कांडीवालीला कळत न्हाय व्हय? पर सांगायचं कुणाला? आपल्याला कुणी इचारलंतं?"

मी तिच्यावर चिडले. असली चिडले की जेवले नाही. ठाऊक होतं तर माझी मान का वाकवलीस? ती भाकरी थापत राहिली. पुष्कळ वर्षांनी कळलं की त्या अंगणात तिच्याही मानेवर हात होता. तो मला दिसत नव्हता एवढंच.

पण त्या दिवसापासून मला विज्ञानाचं वेड लागलं. मार्कांसाठी नाही. विज्ञान विचारतं, काय झालं? अक्कांनी विचारलं होतं, कुणी केलं? पहिल्या प्रश्नाला जात नसते. मला तोच प्रश्न हवा होता. मग मी बिघडलेल्या वस्तू उघडायला लागले. टॉर्च, इस्त्री, वस्तीतल्या समाजमंदिराचा भोंगा. काही दुरुस्त झाल्या, काही कायमच्या गेल्या. आई कपाळावर हात मारायची, पण नको म्हणायची नाही.

कोल्हापुरात डिप्लोमा केला. वसतिगृहात राहून. नंतर राजारामपुरीत एका कंपनीत लागले. खाली बेकरी, वर आम्ही. दिवसभर खारी बिस्किटांचा वास. कंपनी दूध संघासाठी प्रोग्रॅम करायची. गावोगावच्या संकलन केंद्रांवर दूध मोजलं, फॅट तपासली, की पावती छापून यायची. ती पावती माझ्या कोडमधून जात होती. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. माझ्या वस्तीत तोवर कुणी कॉम्प्युटरवर पोट भरत नव्हतं.

आमचे टीम लीड, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, पुण्याहून नवी पद्धत शिकून आले होते. अ‍ॅजाइल. मोठं काम छोट्या तुकड्यांत करायचं, चूक लवकर उघडी पाडायची, सगळ्यांनी मिळून निस्तरायची. रोज सकाळी गोल करून उभं राहायचं आणि प्रत्येकानं सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं. भिंतीवर त्यांनी स्वतःच रंगीत चिठ्ठ्या लावल्या होत्या. त्यातल्या एकीवर लिहिलं होतं, माणसाला दोष नाही, कारणाचा शोध.

ती चिठ्ठी बघून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. मला वाटलं, ही तर माझ्यासाठीच लिहिली. आणि ते गोल उभं राहणं. हौद नाही, ओटा नाही. सगळे एका फरशीवर, खांद्याला खांदा. मी जन्मात पहिल्यांदा अशी उभी राहत होते. सकाळी बसमधून उतरले की मी जवळजवळ पळतच जिना चढायची.

पण चिठ्ठी भिंतीवर होती. डोक्यात दुसरंच होतं. आमच्याकडं बायकाही मी येतो, मी जातो म्हणतात. माझ्या तोंडून कधी तसं निघालं की सर सगळ्यांसमोर नक्कल करायचे. मग मी ऑफिसात धुतलेली मराठी बोलायला लागले. माझं आडनाव ऐकल्यावर त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, प्रवेश कशातून घेतलास? मी सांगितलं. ते नुसते अच्छा म्हणाले. त्या अच्छामध्ये अक्कांचा तांब्या होता.

पावतीचा भाग नव्यानं लिहून आम्ही केंद्रांवर चढवला, त्याच्या दुसऱ्या सकाळी ऑफिसातले सगळे फोन एकदम वाजायला लागले. काही गावांत पावत्याच निघेनात. लोक किटल्या घेऊन रांगेत खोळंबलेले, केंद्रांवर आरडाओरडा चाललेला. ऑफिस उघडून तास झाला नाही तोवर संघाचे दोन अधिकारी येऊन कंपनीच्या मालकांच्या केबिनमध्ये बसले. सरांनी आम्हाला गोल उभं केलं. तोच गोल. तीच फरशी.

"पावतीच्या भागाला हात कुणी लावला होता?"

मी तुम्हाला खोटं सांगत नाही. माझ्या नाकाला रांगोळी झोंबली.

त्या भागात आम्ही तिघांनी काम केलं होतं. मी, माझ्या शेजारी बसणारा एकजण आणि एक मुलगी. दोघं खाली बघत होते. मग त्या मुलानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. बोट नाही केलं. गरजच नव्हती.

"वाटलंच," सर म्हणाले. "कोट्यातून आलेल्यांचं कोड असंच असतं."

दोघं-तिघं हसले. फार नाही. नोकरीपुरतं हसले. सर पुढं म्हणाले की आत चल, संघाच्या साहेबांसमोर उभी राहा आणि सॉरी म्हण. एकदा सॉरी म्हटलंस की त्यांचा राग उतरेल. बाकी मी सांभाळतो.

कोडकडं अजून कुणी बघितलंही नव्हतं. पाणी खाली ठिबकत होतं आणि सगळे माझ्या बोटाकडं बघत होते.

माझे हात नेहमीसारखे पाठीमागं होते. ते मी पुढं घेतले.

"न्हाय," मी म्हणाले.

धुतलेली मराठी कुठल्या कुठं गेली. कबनूर आलं तोंडात, आईचा आवाज आला.

"हात मी लावलाय. ह्यानं बी लावलाय, हिनं बी लावलाय. तुमीच लावायला सांगितलाय. पर काय बिघडलंय ते कुणी बघितलंय का? आदी ते बघायचं. माझं चुकलं असंल तर मी निस्तरीन, सगळ्यांम्होरं सांगीन. पर सॉरी म्हणायला आत येनार न्हाय."

सरांनी आवाज खाली आणला. "नोकरी करायची आहे ना?"

"करायची हाय. म्हणूनच बसतोय."

आणि मी माझ्या खुर्चीत जाऊन बसले. पावतीचं कोड उघडलं. गोल मोडला. सर मध्ये उभेच.

थोड्या वेळानं ती मुलगी आपली खुर्ची ओढत माझ्याजवळ आली. मग तो मुलगाही आला, मान खाली घालून. कुठं पावती निघते, कुठं निघत नाही, ते केंद्रांना फोन करून विचारलं. आणि हळूहळू उलगडलं. आमच्याकडच्या दूध संस्थांची नावं मारुतीच्या शेपटासारखी. आधी श्री, मग देव, मग गाव, मग सहकारी दूध व्यावसायिक संस्था मर्यादित. आमच्या प्रोग्रॅममध्ये नावाला जागा आखूड. जिथं नाव लांब, तिथं पावती अडकत होती. ऑफिसात आम्ही तपासताना अबक दूध असली खोटी नावं घातली होती. खरी नावं मागवायला वेळ नाही, असली चालतील, असं सर म्हणाले होते. चालतील म्हटल्यावर आम्ही तिघांनी ऐकलं होतं. मीही ऐकलं होतं. कबनूरची असून, अशी नावं पाट्यांवर वाचत वाढले असून, मला सुचलं नव्हतं. मी तसं सांगितलंही, मोठ्यानं. ते सांगताना मान वाकली नाही. चूक सांगणं वेगळं आणि नाक घासणं वेगळं, हा फरक मला त्या दिवशी अंगानं कळला.

संध्याकाळच्या संकलनाला पावत्या निघाल्या. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. सर केबिनमध्ये जाऊन आपणच सोडवलं म्हणून सांगून आले. पुढच्या कामात माझं नाव नव्हतं. मला जुन्या फायली आवरायला बसवलं. वर्षाअखेरीच्या शेऱ्यात लिहून आलं, टीममध्ये मिसळत नाही. मी राजीनामा दिला. ती चिठ्ठी भिंतीवरून काढून घेतली आणि पर्समध्ये टाकली. त्यांच्या भिंतीवर तिचं काही काम नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा आई सुपात ज्वारी पाखडत होती.

"सॉरीच तर म्हणायचं हुतं," ती म्हणाली. "नाक कुठं घासायचं हुतं?"

"त्येच हुतं, आई."

तिनं माझ्याकडं बघितलं. शाबास म्हणाली नाही. तुझं तू बघ, म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली. तिच्याकडून शाबासकीची वाट बघणं मी सोडून दिलं. तिला तिच्या अंगणात जगायचं होतं, ती जगली. माझं अंगण मला बघायचं आहे.

आता उचगावात एका दुकानाच्या माडीवर आमचं प्रोग्रॅम लिहायचं छोटं काम चालतं. आम्ही पाचजण. सकाळी गोल करून उभे राहतो. रोज काहीतरी बिघडतं. बिघडणारच, यंत्र आहे. मात्र इथं ‘कुणी केलं?’ असं पहिलं कुणी विचारलं तर मी काम थांबवते. गिऱ्हाईक असो, पाव्हणा असो, दूध संघाचा साहेब असो. प्रश्न बदल, म्हणते, नाहीतर जिना तिकडं आहे. त्यापायी दोन कामं गेली. आणखी जातील.

मला कुणाची माफी नको. अक्कांची नको, सरांची नको. विचारायचंच असेल तर या आणि पुन्हा तेच विचारा. हात मी लावला. त्या खंडेनवमीला लावला, उद्याही लावीन. तुम्ही हळदकुंकू लावून, माळ घालून ज्या ज्या यंत्राभोवती उंबरा बांधाल, त्या प्रत्येक यंत्राला लावीन. बिघडलं तर उघडून बघीन.

हात लागेल. नाक लागणार नाही.