भोंगाताईंचं ऑपरेशन

बसस्थानकाच्या चौकशी खिडकीमागे बसून गाड्या पुकारणाऱ्या बाईंना सगळे भोंगाताई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचा राग नव्हता. बावीस वर्षांत एकही फलाट चुकीचा सांगितला नाही, याचा ताठा मात्र होता.

मग दोन वर्षांत सगळंच बिनसलं. सारखी तहान, हाडांत ठणका, दुपारी खुर्चीतून उठवत नसे. मूतखडा दोनदा झाला. पायरीवर तोल गेला म्हणून नुसता हात टेकला, तर मनगट मोडलं. नवरा म्हणायचा, वय झालं. धाकटी जाऊ म्हणायची, नोकरीचा कंटाळा आला असेल. ताईंनाही ते पटलं होतं. पण एका सकाळी त्यांनी तीन नंबरची गाडी पाचवर पुकारली आणि चाळीसेक माणसं सामानासकट सैरावैरा धावली. गाडी चुकलेले एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी आले. नुसते बघत राहिले. ते बघणं ताईंच्या जिव्हारी लागलं.

त्यांनी मनगटाच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. रक्त तपासलं तर कॅल्शियम फार वाढलेलं. दूध सोडू का, असं ताईंनी विचारलं. दुधाचा यात काही दोष नाही, डॉक्टर म्हणाले. गळ्यात थायरॉइडच्या मागे डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या. त्यांतली एक फुगली होती आणि हाडांतलं कॅल्शियम ओरबाडून रक्तात ओतत होती. ती काढणं हाच उपाय.

सर्जनबाईंनी कागदावर गळ्याचं चित्र काढून समजावलं. आवाजाची नस अगदी खेटून जाते, क्वचित एखाद्याचा आवाज कायमचा बसतो, हेही लपवलं नाही. ताईंनी कागदाची घडी पर्समध्ये टाकली आणि तीन आठवडे ऑपरेशनचं नाव काढलं नाही.

शेवटी नवऱ्यानेच विषय काढला. तो कुलपं दुरुस्त करायचा. दिवसाला दहा वाक्यं बोलला तरी खूप.

"तुझा आवाज गेला तर घरात दोघं मुके होऊ," तो म्हणाला. "चालेल मला. पण तू भिंत धरून चालतेस ना, ते बघवत नाही."

पुढच्या सोमवारी ताई दवाखान्यात दाखल झाल्या. तासाभराचं काम. ग्रंथी काढल्यावर सर्जनबाईंनी लगेच रक्त तपासायला पाठवलं, त्या ग्रंथीचं हार्मोन कमी झाल्याचं कळल्यावरच टाके घातले. शुद्धीवर आल्यावर ताईंना नाव विचारलं. घोगरा का होईना, आवाज आला. दुसऱ्या दिवशी ओठांना, बोटांना मुंग्या आल्या. उपाशी हाडं आता कॅल्शियम ओढून घेताहेत, असं सांगून नर्सने गोळ्या दिल्या. इतके दिवस जे जास्त झालं म्हणून छळ सोसला, त्याच्याच गोळ्या. ताईंना हसू आलं, पण टाके ताणले म्हणून आवरतं घेतलं.

दीड महिन्याने त्या कामावर रुजू झाल्या. पहिले काही दिवस संध्याकाळपर्यंत आवाज दमायचा, मग तेही थांबलं. मनगट थोडं वाकडंच राहिलं. हल्ली दोघं नवरा-बायको रोज पुलापर्यंत चालत जातात. परतताना नवराच मध्ये बाकावर बसतो, आणि ताई शेजारी उभ्या राहून त्याची वाट बघतात.