दाग्नीचा अर्धा नाच

दाग्नी मूळची आमच्या लिलबेकची नव्हे. ती समुद्राकाठची, मासेमारांच्या घरातली. लग्न होऊन इथे आली आणि शाळेची बस चालवायला लागली. आमच्या खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना त्यांच्या लहानपणी तिने कधी ना कधी बसच्या दारातून परत पाठवलं आहे, टोपी आणायला. "कान गळून पडले तर मी वेचत बसणार नाही," असं ती म्हणायची, आणि पोर टोपी घालून येईपर्यंत बस हलायची नाही. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. गावात तिला ओरडून कोणी बोलत नाही, कारण त्याचा उपयोग नसतो.

तिचा नवरा यालमार जंगलात लाकूडतोडीच्या कामाला होता. तो बोलायचाच नाही. या दोघांचं कसं जमलं, असा प्रश्न नव्या माणसाला पडायचा. मग तो त्यांना एकदा नाचताना बघायचा आणि विचारायचं सोडून द्यायचा.

पोल्स्का हा जोडीने गिरक्या घेत करायचा नाच आमच्याकडे सगळीकडे चालतो, पण प्रत्येक खोऱ्याची त्यात काहीतरी वेगळी खोड असते आणि लोक ती जिवापाड जपतात. लिलबेकच्या पोल्स्कात गिरकी घेण्याआधी जोडी क्षणभर थबकते, मग गुडघ्यांत खाली जाते आणि तिथून वर येत फिरते. सांगायला सोपं आहे. हा नाच येणारं शेवटचं जोडपं म्हणजे यालमार आणि दाग्नी. व्हायोलिन वाजवायला मी असायचो. मला नाचता येत नाही. हातात व्हायोलिन असलं की कोणी नाचायला ओढत नाही, हे मला तरुणपणीच कळलं होतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी यालमार गेला. तेव्हापासून दाग्नी नाचली नव्हती.

दर फेब्रुवारीत आमच्या गावच्या सभागृहात शनिवार-रविवार नाच आणि व्हायोलिनचं संमेलन भरतं. दूरदूरचे लोक येतात, शाळेत जमिनीवर गाद्या टाकून झोपतात, दिवसा शिकतात आणि संध्याकाळी नाचतात. लिलबेकचा पोल्स्का शिकव म्हणून संमेलनाचं मंडळ दाग्नीच्या मागे दरवर्षी लागायचं आणि ती दरवर्षी नाही म्हणायची. "मी किनाऱ्यावरची बाई. तुमचा नाच मी तुम्हालाच शिकवू?"

यंदा ती हो म्हणाली. मी तिच्या दारातला बर्फ काढत होतो, तेव्हा तिने खिडकी उघडून सांगितलं, "एवर्ट, शनिवारी दुपारी मोकळा राहा. मी शिकवणार आहे."

"बरं," मी म्हटलं.

"का, ते विचार की!"

"का?"

"उद्या मी या पायरीवरून घसरले, तर लिलबेकचा पोल्स्का संपला. एका म्हातारीच्या हाडांवर एवढं ओझं? मला झोप लागत नाही. या शनिवारी तो कोणाच्या तरी पायात घातला, की मग मी खुशाल घसरेन."

"नको," मी म्हटलं.

"नको काय? वाळू टाक पायरीवर!"

शनिवारी दुपारी सभागृह भरलं होतं. दाग्नीने आधी बायकांना शिकवलं. कुठे वजन टाकायचं, खांदा कसा सैल सोडायचा, खाली जाताना पाठ कशी सरळ ठेवायची. बायका भराभर शिकल्या. सुंडस्वालची एक दंतवैद्य आली होती, सोल्वेग नावाची, लहानखुरी आणि चपळ. तिला तर जणू आधीपासूनच येत होतं.

मग येव्हलेहून आलेला रागनवाल्ड पुढे झाला. मोठा, दाढीवाला माणूस. त्याने विचारलं, "आता आम्ही पुरुषांनी काय करायचं?"

दाग्नीने दोन्ही हात पुढे करून हवेतच जोडीदार धरला.

"पुरुषाने... धरायचं," ती म्हणाली. "आणि फिरवायचं."

"ते कळलं. पण पाय? डावा आधी की उजवा?"

"पाय..." तिने माझ्याकडे पाहिलं. मी व्हायोलिनकडे पाहिलं.

तिने रागनवाल्डलाच धरलं आणि मला वाजवायला सांगितलं. जेमतेम अर्धी फेरी झाली. "अरे, ढकलतोयस काय! मी काय अडकलेली मोटार आहे?" पुन्हा सुरुवात. "आता ओढतोयस!" मग दुसरा पुरुष, मग तिसरा. कोणालाच जमेना, आणि काय चुकतंय ते तिला सांगता येईना. कोणीतरी जुन्या चित्रफिती फोनवर शोधल्या. होत्या पुष्कळ, पण सगळ्यांनी चेहरे टिपलेले. पाय कोणी टिपत नाही.

"कॉफी!" दाग्नी ओरडली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मी मागोमाग गेलो. ती वेलदोड्याचे पाव ताटात मांडत होती. फार नीट मांडत होती, म्हणून मला कळलं की ती घाबरली आहे.

"मला अर्धाच येतो, एवर्ट," ती हळू म्हणाली. तिचा हळू आवाज मी क्वचितच ऐकला आहे. "इतकी वर्षं नाचले आणि अर्धाच येतो. मी डोळे मिटून घ्यायची. तो होता ना. बघायची गरजच कधी पडली नाही. उरलेला अर्धा तो घेऊन गेला आणि जाताना बोललासुद्धा नाही."

"तो कधीच बोलायचा नाही," मी म्हटलं.

यावर ती हसली, आणि पावाची साखर उडाली.

"तुझे डोळे तर उघडे होते ना? काय करायचा तो पायांनी?"

मी विचार केला. व्हायोलिन वाजवणारा नाचणाऱ्याच्या गुडघ्यांकडे बघतो. गुडघा खाली गेला की व्हायोलिनचा गज खाली, वर आला की गज वर. तो कधी खाली जायचा ते मला अजून डोळे मिटून सांगता येईल. कसा, ते नाही. मी तसं तिला सांगितलं.

"म्हणजे कधी ते तुझ्याकडे आहे," ती म्हणाली. "आणि तो कुठे होता ते माझ्या अंगात आहे. मी वर उचलली जायची तेव्हा तो खालीच असणार. मी डावीकडे रेलायची तेव्हा त्याचा पाय माझ्या पायांमध्ये असणार, नाहीतर पडलो असतो." तिने हातातला पाव ताटात टाकला. "चल. आज यालमार मी."

सभागृहात येऊन तिने सोल्वेगला हाक मारली. "ये गं. तू मी हो. खांदा सैल सोड, डोळे मिट आणि काही मदत करू नकोस."

"पडले तर?" सोल्वेगने विचारलं.

"दात तूच बसवून घे."

मी वाजवायला लागलो. यालमार नाचायचा तेव्हा जसं वाजवायचो, तसंच. पहिल्यांदा दाग्नी स्वतःच्याच पायात अडकली. पुरुषाची जागा अंगाला नवी, आणि सगळं उलटं. मग ती थांबून पुटपुटायची, "इथे त्याचा हात घट्ट व्हायचा, म्हणजे इथे तो वळला," आणि पुन्हा सुरू करायची. पुरुष मंडळी भिंतीपाशी उभी राहून तिच्या पायांबरोबर आपले पाय हलवत होती. हळूहळू ते जमत गेलं. फक्त एका जागी ती दर वेळी चुकायची. गिरकीच्या आधी, जिथे थबकायचं असतं तिथे. ती पुढे जायची आणि माझी धून मागे राहायची.

"तू इथे का थांबतोस?" शेवटी तिने वैतागून विचारलं.

"यालमार थांबायचा म्हणून."

दाग्नीने सोल्वेगला सोडलं. "यालमार? अरे, तू थांबायचास म्हणून तो थांबायचा!"

"नाही," मी म्हटलं. "जंगलात ओंडका पडून त्याचा गुडघा दुखावला होता, आठवतं? त्या हिवाळ्यात त्याला पटकन खाली जाता येईना. मी तिथे गज जरा रोखून धरायला लागलो. त्याला बरं पडावं म्हणून."

"गुडघा उन्हाळ्यापर्यंत बरा झाला होता!"

"मला तो बोलला नाही."

"आणि मला घरी येऊन काय म्हणायचा ठाऊक आहे?" ती आता हसू दाबत होती. "म्हणायचा, एवर्ट बिचारा म्हातारा झाला, तिथे त्याचा हात अडकतो. पण वाजवणाऱ्याला सोडून पुढे जाणं बरं नव्हे."

सभागृहात आधी कोणी हसेना. हसावं की नाही, ते त्यांना कळत नव्हतं. मग रागनवाल्ड फुटला आणि सगळेच हसले. मला घाम आला होता, पण मीही हसलो. इतकी वर्षं आम्ही दोघं एकमेकांसाठी थांबत होतो आणि एकानेही विचारलं नव्हतं. लिलबेकची खोड म्हणून लोक जी दूरवरून शिकायला येत होते, ती हीच.

"मग आम्ही थांबायचं की नाही?" रागनवाल्डने विचारलं. तो खरोखर काळजीत पडला होता. अशा बाबतीत ही माणसं फार काटेकोर असतात. "मुळात तर नव्हतंच म्हणायचं."

दाग्नीने मला न थांबता वाजवायला सांगितलं. त्या धुनेवर ती सोल्वेगबरोबर एक फेरी नाचली. पाय बरोबर पडले, कुठे अडलं नाही. फेरी संपल्यावर ती उभी राहिली आणि तिने नाक मुरडलं.

"नुसती घाई. बस पकडायची असल्यासारखी." मग तिने पुरुषांकडे वळून सांगितलं, "थांबायचं. कुठून का आलेलं असेना. तिथे तुम्ही तिची वाट बघा, ती तुमची बघेल, वाजवणारा दोघांची. कोण कोणासाठी थांबलंय हे कळता कामा नये. जमेल?"

"प्रयत्न करतो," रागनवाल्ड म्हणाला.

"मग ये इकडे. तू आता बाई हो, तुला उचलून दाखवते. पोट आत घे."

त्या दुपारी तिने तिथल्या एकेका पुरुषाला बाई करून नाचवलं. प्रत्येकाला आपल्या अंगावर कळलं की यालमार कुठे असायचा.

संध्याकाळी वाटाण्याचं सूप झालं आणि नाच सुरू झाला. लिलबेकच्या पोल्स्काची पाळी आली तेव्हा लोक जोड्या जमवायला लागले. सोल्वेग दाग्नीकडे धावली, पण तिने तिला रागनवाल्डकडे पाठवलं आणि स्वतः माझ्या खुर्चीशेजारी बाकावर येऊन बसली. मी धून धरली.

जोड्या फिरायला लागल्या. सगळ्यांनाच जमत होतं असं नाही. कोपऱ्यातला एक जण अजून ढकलत होता आणि दाग्नीचा पाय तिकडे जाण्यासाठी दोनदा उठला. पण मधल्या जोड्यांचं जमलं होतं. त्या एकदम थबकल्या, एकदम खाली गेल्या आणि सगळं सभागृह त्यांच्याबरोबर वर आलं.

दाग्नी बाकाच्या टोकापर्यंत सरकली. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "एवर्ट, हा नाच मी कधी पाहिलाच नव्हता. सतत आतच होते ना. इतका छान दिसतो?"

मी मान हलवली.

"मग इतक्या वर्षांत मला सांगितलं का नाहीस?"

वाजवताना मला बोलता येत नाही. मी ती धून पुन्हा पहिल्यापासून घेतली.