अडलेला वायपर

मी इंजिनिअर झालो तो आमच्या यंत्रशास्त्राच्या सरांमुळे. सर दिवसा पिंपरीतल्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात असत आणि संध्याकाळी आम्हाला शिकवायला येत. माझ्या घरात मॅट्रिकपुढे कुणी गेलं नव्हतं, आणि मी सरांच्याच विषयात दोनदा नापास झालो होतो. पुन्हा बसायचं की गावी परतायचं, एवढंच ठरायचं होतं. गणितं मला पाठ असायची; आकडे बदलले की मी संपलो.

एका गुरुवारी, कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, सरांनी आम्हा दोघा नापासांना कंपनीत बोलावलं. तिथे कॉम्प्युटर आला होता. दाराबाहेर चपला काढून आम्ही त्या गार खोलीत शिरलो. माझा रहाटणीचा मित्र कुजबुजला, "भावा, नारळ आणाया पायजे व्हता."

"आधी गणित सोडवा, मग प्रसाद," सर म्हणाले.

गणित बसच्या वायपरचं होतं. मोटर गोल फिरते, काच पुसणारी दांडी मात्र इकडून तिकडे जाते. मधल्या दांड्यांची लांबी काढायची. मी काढलेले आकडे सरांनी कॉम्प्युटरला दिले. काळ्या पडद्यावर हिरव्या ठिपक्यांच्या दांड्या उमटल्या आणि चक्क हलू लागल्या! वहीत जन्मभर निजलेली आकृती उठून चालत होती. अर्ध्या फेऱ्यात ती थबकली.

"आता पावसात ड्रायव्हरनं काय करायचं?" सरांनी विचारलं.

"खाली उतरून टोपीनं पुसंल की," मित्र म्हणाला.

"सर, सूत्र चुकलं का?" मी विचारलं.

"मला नको, त्या आकृतीला विचार. कुठं अडलीय?"

मी पाहिलं. दोन दांड्या एका रेषेत ताणल्या होत्या. पुढे सरकायला वावच नव्हता.

"मग सोडव तिला."

सोडवणे म्हणजे उत्तर काढणे, एवढंच मी शाळेत शिकलो होतो. दाव्यात पाय अडकलेलं वासरूही सोडवतातच की! मी मोटरला जोडलेली दांडी आखूड केली. फेरा पुरा झाला. मग दुसरा, तिसरा. मित्रानं पडद्याला हात जोडले. मला हसू आलं नाही, मीही जोडले.

निकालानंतर सरांना पत्र धाडलं:

"कृतानेक नमस्कार. पास झालो. पेपरात वायपर नव्हता, भलतंच यंत्र होतं. डोळे मिटून ते चालवून पाहिलं. एका जागी अडलं, तिथं सोडवलं. गावी परत जात नाही. गुरुवारी नारळ घेऊन येतो."