पेनांगच्या डोंगरावर कोण गेलं होतं?

आधीच सांगते, भुताखेताचा विषय निघाला की मी उठून भाजी निवडायला बसणारी बाई आहे. बावीस वर्षं शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क. सहलींच्या याद्या करणं आणि बसमध्ये डोकी मोजणं हे माझं काम. अमावस्येलाही सहली नेल्यात, काही झालं नाही. त्यामुळे खाली लिहिलंय ते मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला आधी ब्लडप्रेशर तपासून घ्यायला सांगितलं असतं.

आमचं घर वसईत, गिरीजला. मागे वाडी... केळी, नारळ, थोडी भाजी. उन्हाळ्यात वाडीला एक दिवसाआड पाणी द्यावं लागतं. मोटर लावायची आणि फावड्याने एकेक पाट वळवत फिरायचं. म्हणून सगळे मिळून बाहेर गेलो असं आमच्याकडे होतच नाही. एक माणूस घरी राहतं. ते माणूस म्हणजे माझी मोठी नणंद, रोझाबाय. लग्न केलं नाही, वाडी आणि सासूबाईंचं औषधपाणी तिच्याकडेच. लग्नं, सण, महाबळेश्वर, गोवा — प्रत्येक वेळी बाय घरी. मी सून म्हणून आले तेव्हापासून हे असंच. कोणी ठरवलं होतं, देव जाणे.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास आम्ही सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझचं बुकिंग केलं. मी, नवरा, मुलगी शेरल आणि सासूबाई. सासूबाईंना एकदा मोठ्या बोटीत बसायचं होतं. विरारच्या एजंटने शोअर एक्सकर्शनचं पुस्तक दिलं. बोट बंदराला लागली की दिवसभर उतरून काय पाहायचं, ते आधीच निवडून फॉर्ममध्ये नावं भरायची. मलेशियातल्या पेनांग बंदरात काय घ्यायचं यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर आठवडाभर भांडणं. शेरलला शॉपिंग, नवऱ्याला किल्ला.

पुस्तक सगळ्यात जास्त वाचलं ते बायने. चष्मा लावून, पानं दुमडून.

"डोंगरावर चढणारी ट्रेन घ्या," ती म्हणाली. "आणि पुढची सीट पकडा, म्हणजे रूळ वर जाताना दिसतात."

"आत्या, तू कधी जाऊन आलीस गं?" शेरल हसली.

"तू कॉलेजात असतेस तेव्हा," बाय म्हणाली. सगळे हसलो. ट्रेन ठरली. मी फॉर्म भरायला घेतला, तेव्हा ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"माझं नाव लावतेस?"

"बाय, मे महिना आहे. पाणी कोण लावणार? पुढच्या वेळी नक्की."

"पुढच्या वेळी. हो." तिने पुस्तक मिटलं आणि मोटर बंद करायला गेली.

पेनांगला सकाळी आठच्या आधी आम्ही उतरायच्या रांगेत होतो. सासूबाईंच्या प्रेशरच्या गोळ्या कॅबिनमध्ये राहिल्याचं लक्षात आलं. अकराची गोळी चुकून चालणार नव्हती, त्यात ते ऊन. "तुम्ही थांबा, आलेच," म्हणून मी पळत खाली गेले. आमची कॅबिन आतली, बिनखिडकीची. मीच निवडलेली, झोपायलाच तर जायचं. गोळ्यांची नवी स्ट्रिप घेतली, वळले, आणि दार उघडेना.

दाराचं आणि बोटीवरून उतरता-चढताना दाखवायचं कार्ड एकच, माझ्या गळ्यात अडकवलेलं; पण आतून उघडायला ते लागत नाही. हँडल दाबलं की झालं. हँडल खाली जात होतं, दार मात्र भिंतीसारखं. फोन उचलला — मुका. मी दार बडवलं, ओरडले. पलीकडे बायका बोलत गेल्या, झाडणाऱ्याचं मशीन दारापर्यंत येऊन गेलं. कोणी थांबलं नाही. नऊ वाजले. दहा. अकरा वाजले तेव्हा ती स्ट्रिप माझ्या घामाने ओली झाली होती. म्हातारी उन्हात कुठे कोसळली असेल, एवढंच डोक्यात.

मग मोटरचा आवाज यायला लागला. बोटीचं इंजिन असेल म्हणून सोडून दिलं... पण आमच्या वाडीची मोटर सुरू होताना दोनदा अडखळते. ही अडखळली. पाठोपाठ ओल्या मातीचा वास, केळीच्या बुंध्याशी येतो तो. बंद खोलीत, समुद्रावर. मी पलंगावर पाय वर घेऊन बसले.

पण वाईट वाटलं ते त्याचं नाही. चार माणसांतलं एक माणूस कमी झालं होतं आणि कोणी शोधायला येत नव्हतं.

चारच्या पुढे दार बाहेरून सहज उघडलं. शेरल दारात.

"मम्मी! आत्ता तर लिफ्टपाशी होतीस. आमच्या आधी कशी पोचलीस?"

"आईंची गोळी..." मी एवढंच बोलले.

"दिलीस की अकराला," सासूबाई म्हणाल्या. "वर पाठीवरून हात फिरवलास. आमची रोझा फिरवते तसा."

"आज तुला झालं काय होतं?" नवरा बूट काढत म्हणाला. "एकदासुद्धा डोकी मोजली नाहीस. पुढची सीट धरून बसलीस ती हललीच नाहीस. दोन आइस्क्रीम खाल्लीस!"

माझ्या हातातल्या स्ट्रिपमध्ये दहाच्या दहा गोळ्या होत्या. मी रिसेप्शनवर गेले. त्यांनी कॉम्प्युटर बघून सांगितलं, मॅडम, तुमचं कार्ड आठ वाजून पाच मिनिटांनी बाहेर गेलंय, चार दहाला आत आलंय. कार्ड तर दिवसभर माझ्या गळ्यात होतं.

घरी कोणाला सांगितलं नाही. कोण विश्वास ठेवणार? मीही ठेवला नसता.

परत आलो तेव्हा शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "तुम्ही तिकडे असताना एक दिवस तुमची बाय सकाळी मोटर लावून पडवीत आडवी झाली, ती दुपारपर्यंत हाका मारून उठेना. मी घाबरले. पण वाडी बघते तर सगळ्या पाटांना पाणी फिरलेलं!" तारीख विचारली, तर पेनांगचीच.

फोटो धुऊन आले. सगळ्यांत मी आहे, माझ्याच निळ्या कुर्त्यात. पुढच्या सीटवर, दोन्ही हात काचेवर टेकवून. मी असं हसते हे मला माहीत नव्हतं. बाय एकेक फोटो सावकाश बघत होती.

"तो बोगदा आला ना," ती म्हणाली, "तिथे कसला गार वारा लागला गं."

बोगद्याचा एकही फोटो नव्हता. पुस्तकात शोधलं, तिथेही नाही. शेरलला विचारलं तर म्हणाली, हो, होता की.

"बाय, तुम्हाला कसं माहीत?"

तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "तुला कसं नाही माहीत? तू गेली होतीस ना?"

याचं उत्तर मी आजही शोधतेय. कोणाकडे असेल तर जरूर कळवा. दार जॅम झालं असेल, हे मात्र सांगू नका. पुढच्या मे महिन्यात पाण्याला माणूस ठेवला, घराला कुलूप घातलं आणि फॉर्मवर पहिलं नाव बायचं लिहिलं. खिडकीची कॅबिन घेतली. तरी रोज रात्री झोपण्याआधी मी कॅबिनचं दार एकदा उघडून बघत होते. समोरच्या पलंगावरून बाय म्हणायची, "उघडतंय गं. झोप आता."