पौषाच्या घरातले चिंचोके

पुण्याहून आष्टीला जायचे ठरवले ते माझ्या तक्त्यांसाठी. शरीरशास्त्राच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर मी स्त्रीच्या प्रजननसंस्थेचे पाच तक्ते रेखाटले. त्यांवरचा शब्द न् शब्द तीनदा तपासला. आष्टी तालुक्यातल्या एका गावात, ऊसतोडीला निघण्याआधी बायकांचे वर्ग घेणाऱ्या आशा कार्यकर्त्या शारदाताई यांनी ते मागवले होते. टपालावर माझा विश्वास नाही. शिवाय ग्रामीण भागात हा विषय कसा शिकवला जातो ते पाहायचे होते. खरे तर दुरुस्त करायचे होते.

बीडकडे जाणारी सकाळची एसटी घ्यावी. नगरमार्गे आष्टी साधारण पाच तास. बायकांना अर्धे तिकीट. भाद्रपदात कडा गावाच्या पुढे दुतर्फा बाजरी कणसांवर आलेली असते. स्थानकासमोर सत्तर रुपयांत पिठलं-भाकरी मिळाली: भाकरी निर्दोष, ताटाबद्दल तसे म्हणता येणार नाही. पुढे जीप, तीस रुपये. बारा जण कोंबल्याशिवाय ती हलत नाही.

वर्ग समाजमंदिरात होता. पुढे सासवा, मागे सुना.

"ठरवतंय कोण, मॅडम? त्येंलाच आधी शिकवते," शारदाताई म्हणाल्या. मग त्यांनी माझा तक्ता उलगडला, "लई देखणा हाय," म्हणाल्या, पालथा घातला आणि पाठीवर कोळशाने बारा चौकोन आखले. चैत्र ते फाल्गुन. तीनदा तपासलेले शब्द जमिनीकडे तोंड करून पडले.

प्रत्येकीने, ज्या महिन्यात मूल झाले त्या घरात दर मुलामागे एक चिंचोका ठेवायचा होता. थोड्याच वेळात पौषात ढीग झाला.

"पाडव्याला तोडीवरून घरी येता. तिथून नऊ घरं मोजा."

बोटे सरकली. "अगं बया, पौष!"

"तरीच म्हणलं, पौषात एवढी पोरं कावून!" एक जण म्हणाली आणि समाजमंदिर हसण्याने भरले.

"हसा. पण पौषात आपण कुठं असतो?"

"उसाच्या फडात. पाचटाच्या कोपीत," मागून उत्तर आले. ती रेखा: मांडीवर वर्षाची मुलगी. दुसरे मूल तीन वर्षांनी हवे, असे तिने शारदाताईंना सांगितले होते. सासू गयाबाईंना ते येत्या वर्षीच हवे होते.

गयाबाईंचे पाच चिंचोके होते. त्यांनी पौषातला एक उचलला आणि मुठीत धरला.

"ह्यो कोपीत झालता. आठ दिस राह्यला."

रेखाने मान वर केली नाही.

"शारदे, तांबी बसवल्यावर पुन्हा लेकरू होतंय का?"

"काढली की होतंय, मावशी. दर बुधवारी दवाखान्यात बसवतेत, पैसे न्हाईत."

"मंग बुधवारी मी येते हिच्यासंगं." मग मागे वळून, "तू काय म्हणतीस गं?"

"मला कवापासून पायजे, आत्याबाई."

"मंग बोलायचं न्हाई का? तोंडात काय तीळ भिजत घातलेत?"

चाळीस वर्षे मी सासूला वर्गाबाहेरच ठेवत आले. अध्यापनाची इतकी नेमकी रचना मी कुठल्याही महाविद्यालयात पाहिलेली नाही.

गुरुवारी, पुण्यात, शारदाताईंचा फोन आला: "बसवली, मॅडम. गयामावशी दाराशीच बसून होत्या. मूठ काय उघडली न्हाई बघा, रेखा बाहेर येईपतूर."

मी मुद्रकाला नवे तक्ते छापायला सांगितले आहेत. या वेळी पाठ कोरी नको. बारा चौकोन हवेत, चिंचोका मावेल एवढे.