सावाराच्या नदीने परत पाठवलेली ओटी

हरवलेली वस्तू परत मिळाली म्हणून पोलीस चौकीत बसून रडलेली बाई अख्ख्या जपानात मी एकटीच असेन. शिरीष, माझा नवरा, अजून त्यावरून चिडवतो. चिडवू दे. त्या दिवशी त्याचा स्वतःचा चेहरा कसा पांढराफटक पडला होता, ते मी पाहिलंय.

गोष्ट सत्त्याण्णव सालच्या ऑक्टोबरातली. आम्ही तोक्योत निशी-कसाईला राहायचो. शिरीष पुण्याच्या कंपनीकडून कॉम्प्युटरच्या कामावर आलेला आणि मी त्याच्या मागोमाग. मला पाचवा महिना लागला होता. त्याआधी दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा चौथ्यातच सगळं संपलं, एकदा पुण्यात, एकदा इथे. त्यामुळे पाचवा लागला तरी आनंद करायची छाती होत नव्हती. मी जिना उतरतानासुद्धा कठडा दोन्ही हातांनी धरायची.

अशात वाईला सासूबाईंनी, प्रभावतीबाईंनी, परस्पर नवस बोलून टाकला. पाचवा लागला की सुलेखा नदीची ओटी भरेल म्हणे. मी त्यांना फोनवर म्हटलं, आई, कृष्णा तिकडे आणि मी इकडे. तर त्या म्हणाल्या, नदी ती नदी, तिथली चालेल, फक्त वाहती बघ. मला रागच आला. नवस यांनी बोलायचा आणि फेडायला मी, तेही या देशात. पण नाही म्हणायची हिंमत झाली नाही. अशा वेळी कोणाची होते?

खरं तर या दिवसांत बाईची स्वतःची ओटी भरतात. तिसऱ्या-पाचव्या महिन्यात, गाजावाजा न करता, म्हणून तिला चोरओटी म्हणायचं. पुण्यात पहिल्या वेळी शेजारच्या अनुराधाकाकूंनी माझी भरली होती. आई मुद्दाम वाईहून आल्या, खण, नारळ, तांदूळ, सगळी तयारी त्यांनीच केली, आणि काकू ओटी भरायला लागल्या तशा आत स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. विधवा बाईने ओटी भरायची नसते. त्यांना ठाऊक, मला ठाऊक, म्हणून कोणी काही बोललं नाही. इथे तर माझी ओटी भरायला सवाष्ण नाही आणि विधवाही नाही, कोणीच नव्हतं.

आता नदी शोधायची. आमच्या जवळच्या नदीकाठी रविवारी सगळं गाव बेसबॉल खेळायला लोटतं. शिवाय शिरीषला कचऱ्याची धास्ती. एकदा आम्ही चुकीच्या वारी बाटल्या बाहेर ठेवल्या, तर पिशवी चिठ्ठीसकट आमच्या दारात परत आली होती. तेव्हापासून तो दह्याचा डबाही धुऊन, पुसून टाकायचा. अशा माणसाला बायकोला नदीत नारळ सोडू द्यायचा होता. त्याच्या ऑफिसातल्या कुणी सांगितलं, आगगाडीने दोन तासांवर सावारा म्हणून गाव आहे, मधून नदी वाहते, गर्दी नसते. आम्ही पर्यटकांसारखे कॅमेरा गळ्यात घालून निघालो. मी हिरवी साडी नेसले, वर कोट.

गाव इतकं शांत की आपल्याच चपलांचा आवाज नको वाटावा. अरुंद नदी, दोन्ही बाजूंना वाकलेली झाडं, काळ्या लाकडाची जुनी दुकानं, आणि प्रत्येक घरासमोर पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. पायऱ्या बघून मला वाईचा घाट आठवला आणि जरा धीर आला. पण आम्ही निवडलेल्या पायऱ्यांवर एक म्हातारी झाडत होती. पांढरं एप्रन, डोक्याला रुमाल, पाठीतून वाकलेली. आम्ही ती जायची वाट बघत राहिलो. तिने वाकून नमस्कार केला, आम्ही केला. तिने परत केला, आम्हीही परत केला. पंधरा मिनिटं हेच. शेवटी ती आत गेली तशी मी खाली उतरले. खणात तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि हिरव्या बांगड्या, वर नारळ, असं गाठोडं बांधलेलं होतं. हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले आणि सोडलं. नारळामुळे ते ऐटीत तरंगत निघालं. शिरीष वर पहाऱ्याला उभा होता, घामाघूम.

मग आम्ही जेवलो, फोटो काढले, नवस फिटला म्हणून मी पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला. स्टेशनकडे निघालो तर पुलापाशी एक तरुण पोलीस धावत आला आणि वाकून वाकून आम्हाला चौकीत घेऊन गेला. आत टेबलावर माझी ओटी.

खण धुऊन, इस्त्री करून, चौकोनी घडी घातलेला. बांगड्या कागदात. सुपारी, हळकुंड एका बशीत. नारळाची शेंडीसुद्धा विंचरलेली. आणि शेजारी खुर्चीच्या टोकावर ती पायऱ्यांवरची म्हातारी, हात मांडीवर ठेवून. पोलिसाने फॉर्म पुढे केला आणि विचारलं, हे तुमचंच ना? शिरीष म्हणाला, नाही. दंडाला घाबरला. पोलीस गोंधळला, कारण हिरव्या कपड्यातल्या परदेशी बाईच्या हातून हे पडलं असं म्हातारीने सांगितलं होतं, आणि गावात हिरव्या कपड्यातली परदेशी बाई दुसरी कुठून असणार? मी म्हटलं, हो, माझंच. मग तर तो आणखीच गोंधळला.

आपल्याकडेही नदीतला नारळ कोणी ना कोणी काढतंच, पण आणून हातात कोणी देत नाही. नदीने ओटी घेतली नाही, परत पाठवली, एवढंच मला दिसत होतं. म्हणजे हेही राहणार नाही. मी खुर्चीत बसले आणि भोकाड पसरलं. पोलिसाने चहा आणला. शिरीष नवस म्हणजे काय ते सांगायला लागला. सर्व्हर बंद पडला तर त्याला फडाफडा जपानी येतं, पण नवसाला शब्द सापडेना. देव, नदी, भेट, असं काहीतरी तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

म्हातारी मात्र आपणहून बोलू लागली. शिरीष मला सांगत होता, अर्धं त्याला कळलेलं, अर्धं मनाचं घातलेलं असणार. तिचं नाव तोमी. एकोणिसाव्या वर्षी नवरी होऊन ती याच नदीतून, नावेत बसून या घरी आली, माहेरची पेटी पायाशी घेऊन. नवरा तांदळाच्या नावा चालवायचा. पुढे ट्रक आले, नावा बांधून पडल्या, मग नवराही गेला, त्याला वीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. नावा गेल्या तरी नदी दाराशीच होती, म्हणून ती रोज सकाळी पायऱ्या झाडते आणि लांब बांबूने पाण्यात पडलेलं काढते. टोप्या, चेंडू, लहान मुलांचे बूट. धुते, वाळवते, चौकीत आणते. पोलीस हसून म्हणाला, आमचं अर्धं कपाट तोमी-सानचंच आहे. शोधत कोणी येतं का, असं मी विचारायला लावलं. क्वचित, ती म्हणाली, पण ज्याचं पडलं त्याला तर ते हवंच असणार ना.

बोलता बोलता तिची नजर माझ्या पोटावरच्या हाताकडे गेली. तिने बोटं वर करून विचारलं, कितवा? मी पाच बोटं दाखवली. ती एकदम ताठ झाली. इथे पाचव्या महिन्यात घरातलं मोठं माणूस गर्भारशीच्या पोटाला पट्टा बांधतं, तुला कोणी बांधला, असं तिने विचारलं. मी मान हलवली. कोणी नाही.

तेव्हा ती उठली. भिजलेले तांदूळ खराब झाले, त्याबद्दल तिने माफी मागितली आणि एप्रनच्या खिशातून कागदी पिशवी काढली. भावाच्या शेतातला या वर्षीचा नवा तांदूळ होता तो. रिकामं कसं परत द्यायचं, म्हणून आणलेला. तिने तांदूळ, नारळ, खण, बांगड्या, सगळं मिळून दोन्ही हातांवर घेतलं आणि वाकून माझ्यासमोर धरलं. माझ्या हातांनी आपोआपच पदर पसरला. तिने क्षणभर पदराकडे पाहिलं आणि एकेक करून सगळं त्यात ठेवलं. मी खाली वाकून तिच्या पाया पडले, ती घाबरून माझ्यासमोर वाकली, आणि शिरीष हातात फॉर्म धरून सही कुठे करायची ते विचारत राहिला.

गाडीत मी सगळं मांडीवर घेऊन बसले. नवस फिटला की मोडला, तेच कळेना. आणि माझी जी भरली गेली तिला ओटी म्हणायचं की हरवलेलं सामान?

घरी आल्यावर वाईला फोन लावला आणि आईंना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी हळूच विचारलं, "सवाष्ण होती ना गं?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही, आई," मी म्हटलं, "तिचे यजमान जाऊन वीस वर्षं झाली."

आता शांती करायला सांगतील, उपास सांगतील, अशी मी तयारी करून बसले होते.

"मग मीही भरली असती की गं तुझी," त्या म्हणाल्या.

पुण्यातलं ते स्वयंपाकघर, ओट्याशी पाठ करून उभ्या राहिलेल्या आई, आणि मी बाहेर पाटावर बसून त्यांना एकदाही हाक न मारलेली, सगळं डोळ्यांपुढे आलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी एवढंच म्हटलं, या मग.

अबोली फेब्रुवारीत झाली, सुखरूप. पण त्याआधी डिसेंबरात आई आल्या. आयुष्यातला पहिला विमानप्रवास करून, नऊवारीवर शिरीषचा जुना स्वेटर चढवून. दारात चपला काढल्या, हात धुतले, पाणीसुद्धा न पिता म्हणाल्या, ते तोमीबाईंचे तांदूळ कुठे आहेत? मी डब्यात जपून ठेवलेले काढून दिले. मी तेव्हा पँट आणि ढगळ स्वेटरमध्ये होते, साडी नेसून येते म्हटलं, तर नको म्हणाल्या. मग मी स्वेटरचंच टोक दोन्ही हातांनी पसरलं. त्यांनी ओंजळ भरली. सोळा वर्षांत कोणाची ओटी भरली नव्हती त्यांनी, ओंजळ इतकी शिगोशीग घेतली की निम्मे तांदूळ जमिनीवर सांडले. आम्ही दोघी खाली बसून ते एकेक करून वेचत राहिलो.